खुलासा: ‘प्रीपोन’ चुकीचा नाही, घोळ ‘रिव्हर्ट’चा आहे

‘प्रीपोन (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) असा शब्द इंग्रजीत नाहीच, वापरू नका’ हा मेसेज मुंबईतल्या ऑफिसच्या ग्रुपांवर फिरतोय. ते खरं नाही. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, भारतीय इंग्रजी अशा नोंदीसह. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) मीटिंगसाठी खुशाल वापरा. लंडनच्या माणसाला मात्र सरळ नवी वेळ कळवा.

खरी पंचाईत ‘रिव्हर्ट’ची. मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं: लीज संपली की जमीन मालकाकडे रिव्हर्ट होते. ‘उत्तर द्या’ या अर्थाने तो आपल्याकडे रुळलाय, चालतं. पण तुमचा सॉफ्टवेअरचा कोड तपासणाऱ्या परदेशी सहकाऱ्याला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत, तर उत्तर राहील बाजूला, तो तुम्ही कोडमध्ये केलेला बदलच रद्द करून मोकळा होईल! तिथे ‘रिप्लाय’ लिहा. आणि ‘रिव्हर्ट बॅक’मधलं ते ‘बॅक’ कुठेच नको.