‘परखड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

‘४८० हर्ट्झचा मॉनिटर: चैन नव्हे, गरज’ या माझ्या लेखाखाली (४८० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ४८० वेळा नव्याने येतं) ‘परखड’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते इतकं वाढलं की वेगळंच टाकतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

“काका, लेख वाचून करमणूक झाली. माणसाच्या डोळ्याला ६०-७५ हर्ट्झच्या वर काही कळत नाही हे शाळकरी पोरगंही सांगेल. माझ्या भावाकडे १४४ वाला आहे, मला ऑफिसच्या ६० वाल्यात आणि त्यात तसूभर फरक दिसला नाही. १४४ वरून ४८० म्हणजे निव्वळ मनाचे खेळ. शिवाय ४८० फ्रेम काढायला कार्ड कुठलं आणणार? ओएलईडीवर दिवसभर पांढरी पानं उघडून बसलात तर दोन वर्षांत टास्कबारचा ठसा उमटेल, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. आणि पुरावा काय, तर मोबाइलने काढलेला फोटो! एवढ्या पैशात दारात ॲक्टिव्हा उभी राहिली असती.”

आधी ‘काका’चं बघू. तुमची-माझी ओळख नाही, नातं नाही. माझं वय तुम्हाला कुठून कळलं? लेखात सीआरटीचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचा, उल्लेख होता म्हणून? मतभेद असावेत, जरूर असावेत, पण माणसाच्या पहिल्याच शब्दात टपली मारायची आणि मग स्वतःला ‘परखड’ म्हणवून घ्यायचं, ही हल्लीची पद्धत मला जमत नाही. परखड बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती आपल्या खऱ्या नावाने बोलायची.

असो. मुद्द्यावर येतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दा म्हणावा असं एकच वाक्य आहे: डोळ्याला ६०-७५ च्या वर काही कळत नाही.

हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. एखादा दिवा सारखा उघडझाप करत असेल, तर एका ठरावीक वेगानंतर ती उघडझाप दिसेनाशी होते आणि प्रकाश सलग वाटायला लागतो. ती सीमा प्रकाश किती प्रखर आहे यावर आणि तुम्ही थेट बघताय की डोळ्याच्या कोपऱ्यातून यावर बदलते, पण ढोबळमानाने ६० ते ९० च्या आसपास येते. म्हणून सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) असला तरी प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक चौकट दोनदा किंवा तीनदा फेकायचं, म्हणजे ४८ किंवा ७२ वेळा. नाहीतर पडदा लुकलुकला असता. इथवर तुमचं शाळकरी पोरगं पास.

आता माझा अनुभव सांगतो. १९९९ साली मी पुण्यात एका डीटीपी सेंटरमध्ये लागलो. १७ इंची सीआरटी, पानं लावायचं पेजमेकर सॉफ्टवेअर, आणि समोर दिवसभर पांढरंफेक पान. विंडोजने मॉनिटर ६० वर ठेवलेला असायचा आणि कोणी त्याला हात लावायचं नाही. संध्याकाळपर्यंत ऑपरेटर पोरं डोळे चोळत बसायची. मालक म्हणायचे, चहा कमी करा. मी सगळी मशीन्स १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झवर नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशीपासून तक्रारी थांबल्या. नवीन मशीन आलं की मी त्याच्याकडे सरळ न बघता शेजारच्या भिंतीकडे बघायचो, कारण कोपऱ्यातून लुकलुक जास्त जाणवते, आणि सांगायचो की हे ६० वर आहे. ७५ आणि ८५ मधलाही फरक मला कळायचा. तेव्हा तुम्ही कितवीत होतात ते मी विचारत नाही.

पण परखडराव, खरी गंमत पुढे आहे. आजच्या मॉनिटरवर हा लुकलुकण्याचा प्रश्न सहसा येत नाही. सीआरटीवर चित्र क्षणभर पेटायचं आणि विझायचं. एलसीडी आणि ओएलईडी हे आजचे दोन्ही प्रकारचे पडदे एक चौकट दाखवतात आणि पुढची येईपर्यंत ती तशीच धरून ठेवतात. ६० हर्ट्झला म्हणजे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पडद्यावरची ओळ जागची हलत नाही, पण तुमचा डोळा मात्र हलत असतो, कारण सरकणाऱ्या ओळीबरोबर तो एका संथ गतीने सरकतो. डोळा पुढे, चित्र जागेवर. मग ते चित्र डोळ्याच्या पडद्यावर फरफटतं. धावत्या एसटीतून रस्त्याकडेचा मैलाचा दगड वाचायला जा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. दगडात काही बिघाड नसतो.

ही फरफट किती, याचा हिशोब तोंडी होतो. ओळ सेकंदाला ९६० पिक्सेलने सरकत असेल तर ६० हर्ट्झला ती १६ पिक्सेल पसरते. १२० ला ८. १४४ ला साधारण पावणेसात. २४० ला ४ आणि ४८० ला २. ही कंपनीच्या जाहिरातीतली आकडेमोड नाही, साधा भागाकार आहे. ‘टेस्टयूएफओ’ नावाच्या साइटवर उडत्या तबकडीची जी चाचणी आहे, ती मुळात ९६० पिक्सेलच्याच वेगाने चालते. फुकट आहे, करून बघा.

आता माझं काम काय ते सांगतो, म्हणजे ‘गरज’ हा शब्द मी का वापरला ते कळेल. मी मुद्रितं तपासतो. पूर्वी कागदावर तपासायचो, आता बहुतेक सगळं ब्राउझरमध्ये असतं: दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्या, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कोणाचं तरी आत्मचरित्र. शेवटचा हात फिरवताना मी माउसचं मधलं बटण दाबून पान सरकत ठेवतो आणि नजर त्यावर सोडतो. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषा आणि तिच्यावर अनुस्वार. माझ्या पडद्यावरच्या नेहमीच्या मजकुरात तो टिंब दोन-तीन पिक्सेलचा भरतो, स्क्रीनशॉट मोठा करून मोजलाय. पान जरा वेगात वर सरकलं की ६० हर्ट्झला शिरोरेषेची जाड पट्टी होते आणि टिंब तिच्यात बुडून जातो. ‘संस्थेची पत’ आहे की ‘संस्थेची पंत’, काही कळत नाही. खालच्या उकाराची शेपटी पुढच्या ओळीच्या वेलांटीत शिरते. १४४ ला बरं असतं, पण फरफट अजूनही टिंबापेक्षा मोठीच, त्यामुळे तो असल्याचा नुसता संशय येतो. ४८० ला फरफट टिंबाएवढी किंवा त्याहून लहान होते आणि तो टिंब म्हणून दिसतो. सरकत्या पानावर. मराठी वाचणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा ते मला कळत नाही. इंग्रजीवाल्यांना निदान आयच्या टिंबावाचून निभावता येतं.

‘मनाचे खेळ’ म्हणालात. मलाही ती शंका होती, म्हणून मुलीला सांगितलं की मी बाहेर जातो, तू सेटिंग बदल, मला सांगू नकोस. १२० आणि ४८० मी दर वेळी ओळखले, पान सरकवल्या सरकवल्या. २४० आणि ४८० मध्ये मधेमधे अडखळलो, हेही लिहितो, नाहीतर तुम्ही तेवढ्यावरून आणखी एक प्रतिक्रिया लिहाल. पण तुमचा दावा २४० चा नव्हता. तुमचा दावा ७५ चा होता. ७५ आणि ४८० यांत एका चौकटीमागे अकरा मिलिसेकंदांहून जास्त अंतर आहे. नीट सांगायचं तर १३.३ विरुद्ध २.१.

आणि शाळकरी पोराच्या जोडीला जरा मोठी माणसंही घ्या. २०१५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक निबंध आला होता. एकसंध प्रकाशाऐवजी ठळक कडा असलेलं चित्र वेगाने बदलत ठेवलं, तर ५०० हर्ट्झलाही लोकांना त्यातले दोष जाणवतात, असं त्यांना आढळलं. कारण डोळा कधी स्थिर नसतो, तो बारीक उड्या मारत असतो. तो निबंध मॉनिटर विकत घ्यावा की नाही यावर नाही, हे मला माहीत आहे. पण ‘डोळ्याला काही कळत नाही’ हे वाक्य त्यानंतर इतक्या ठामपणे लिहायला मला तरी धीर झाला नसता.

फोटोचं मान्य. मोबाइलने उभ्याने काढलेल्या फोटोत ही फरफट खरी दिसत नाही, कारण ती डोळा सरकल्यामुळे होते आणि मोबाइल जागेवर होता. सरकत्या चित्राबरोबर त्याच वेगाने कॅमेरा सरकवून काढावा लागतो. लेखातला तो फोटो मी काढून टाकला आहे. बघा, बरोबर असलेली गोष्ट मी लगेच मान्य करतो. तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

बाकीचे मुद्दे फुटकळ आहेत. ग्राफिक्स कार्ड: मी पान सरकवतो, दऱ्याखोऱ्यांत गोळीबार करत नाही. मजकूर सरकवायला भारीतलं कार्ड लागत नाही, चालू पिढीतलं डिस्प्लेपोर्टवालं (मॉनिटर जोडायची ही एक खाच) कुठलंही साधं कार्ड पुरतं. खेळणाऱ्यांचा प्रश्न खेळणाऱ्यांनी बघावा. लेख त्यांच्यासाठी नव्हता, आणि हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. प्रतिक्रिया देण्याआधी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचायला काय हरकत होती?

ठशाचं, म्हणजे एकच चित्र सतत राहिल्याने ओएलईडीवर कायमची उमटणाऱ्या खुणेचं म्हणाल तर तो माझ्या मॉनिटरचा आणि माझा खासगी मामला आहे. टास्कबार मी लपवून ठेवतो. दोन वर्षांनी काय होईल ते दोन वर्षांनी बघू.

आणि ॲक्टिव्हा. हे वाक्य वाचून खरं तर मी प्रतिक्रिया उडवणारच होतो. माणसाने आपल्या पैशात काय आणावं हे ठरवायला तुम्ही माझे सासरे आहात का? तबलजीने चांगला तबला घेतला तर त्याला कोणी स्कूटरचा भाव ऐकवत नाही. मी दिवसाचे नऊ-दहा तास पडद्याकडे बघून पोट भरतो. ॲक्टिव्हावर मी दिवसातून वीस मिनिटं बसेन, तीही पार्किंग शोधत. शिवाय आहे माझ्याकडे एक, जुनी.

मात्र वाचकांपैकी कोणी घ्यायला निघाला असेल तर एक सांगतो, कारण ते मूळ लेखात पुरेसं ठळक झालं नव्हतं. नुसता हर्ट्झचा आकडा बघून भुलू नका. २०२३ मध्ये आसूसने ५४० हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर आणला, तो टीएन नावाच्या जातीचा एलसीडी आहे. एलसीडीतल्या पिक्सेलला रंग बदलायलाच काही वेळ लागतो, आणि इथे एक चौकट जेमतेम १.८५ मिलिसेकंद टिकते. पिक्सेल बदलून होईतो पुढची चौकट दारात. त्यामुळे कागदावरचा आकडा पूर्ण पदरात पडत नाही. ओएलईडीला ही अडचण जवळपास नाही, म्हणून मी ४८० चा ओएलईडी घेतला, ५४० चा एलसीडी नाही. आकड्यांना भुललेला माणूस उलटं करतो. आणि ज्याचं पान सरकत नाही, जो एक्सेलमध्ये चौकोनांत आकडे भरतो, त्याने १०० किंवा १२० घ्यावा आणि सुखात राहावं. त्याला मी कधीच ४८० घे म्हटलेलं नाही.

राहता राहिला तुमच्या भावाचा १४४ वाला, ज्यात तुम्हाला तसूभर फरक दिसला नाही. त्याचं कारण मी इथे बसून सांगू शकतो, पण खात्री तुम्ही करा. नवा मॉनिटर जोडला तरी विंडोज पुष्कळदा ६० वरच राहतं, अगदी माझ्या १९९९ च्या मशीन्ससारखं, आणि लोक वर्षानुवर्षं पैसे १४४ चे मोजून ६० बघत बसतात. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेटसमोर काय लिहिलंय ते बघा. यादीत १४४ च नसेल तर केबल बघा. डब्यातली जुनी एचडीएमआय लावली असेल तर ती काढून डिस्प्लेपोर्टची लावा. मग पान सरकवा आणि इथे येऊन आकडा कळवा, केबल कुठली होती त्यासकट. तोवर या विषयावरची तुमची पुढची प्रतिक्रिया मी रोखून ठेवतो आहे.