दोन रेघा दिसायच्या आधीचे दिवस

परवा रात्री दुकान बंद करायच्या वेळेला एक पोरगी आली. पाठीवर क्लासची सॅक, तोंडाला स्कार्फ. आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या, मग पॅडचं पाकीट. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले आजोबा जाईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिली. ते गेल्यावर मोबाईल माझ्यापुढं धरला. स्क्रीनवर प्रेग्नन्सी किटचा फोटो होता.

मी किट कागदात गुंडाळून दिलं. सकाळची पहिली लघवी घे, पाच मिनिटं थांब, दोन रेघा म्हणजे दिवस गेलेत, एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही तर आठवड्यानं परत कर, असं हळूच सांगितलं. पॅड कशाला घेतले ते मला नंतर कळलं. आईला कपाटात दिसायला हवेत ना! जाताना म्हणाली, "काकू, दोन रेघा आल्या तर काय करू?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच "येतो" म्हणून पायऱ्या उतरली.

(तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

बावीस वर्षं शाहूपुरीत मेडिकल चालवतेय आणि सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. कोल्हापूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. म्हणूनच मला राग येतो, की ही पोरं ज्या पडद्यावरून प्रेम शिकतात, त्या पडद्यावर तिच्या त्या एका प्रश्नाला जागाच नाही. पाऊस येतो, दिवा जातो, गाणं होतं. पुढच्या सीनमध्ये उलटी, त्याच्या पुढच्या सीनमध्ये बापाची थप्पड. मधले दिवस कुठं गेले? पाळी चुकल्यावर बोटांवर तारखा मोजायचे, घरात नेहमीसारखं जेवायचं, आईची नजर चुकवायची, ते दिवस?

२००० साली 'क्या कहना' आला तेव्हा कॉलेजच्या पोटुशा मुलीला नायिका केलं, हे धाडसच होतं. बाप तिला घराबाहेर काढतो आणि मग परत घेऊन येतो, त्या सीनला मी रडले होते. 'बालक-पालक'मध्ये चाळीतली ज्योतीताई 'शेण खाल्लं' म्हणून निघून जाते आणि पोरं त्या शब्दाचा अर्थ शोधायला लागतात. फार चांगला सिनेमा, पण तो त्या पोरांचा. मला अजून ज्योतीताईचं काय झालं याचीच काळजी लागून राहते. 'सैराट'मध्ये आर्चीनं बुलेट काढली तेव्हा माझ्या शेजारच्या पोरी शिट्ट्या मारत होत्या, मला अभिमान वाटला. हैदराबादमधली ओढाताण, संशय, भांडणं, सगळं खरं दाखवलं. पोटात बाळ असतानाचा काळ मात्र झरकन निघून जातो.

आणि त्याच दिवसांवर सगळं अवलंबून असतं हो. कायद्यानं गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतानं होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी २४ पर्यंत, दोन डॉक्टरांच्या मतानं. आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पोक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे, पोलिसांना कळवावं लागतं, आणि त्या भीतीनंच पोरी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. पण २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिची ओळख कळवायची गरज नाही. हे किती आयांना माहीत आहे?

पोरांचं तर विचारूच नका. दोघं-तिघं मिळून येतात, एकजण पुढं होतो, "ती गोळी द्या की." कुठली? संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी वेगळी, गर्भपाताची वेगळी, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि देखरेखीशिवाय घ्यायचीच नाही, हे मी कितीदा सांगितलं असेल. काहीजण ऐकतात. काहीजण पुढच्या दुकानात जातात.

आपल्या गावात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं पुढं पुण्यात जाऊन १९३७ साली 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली पोरगी पडद्यावर ते लग्न मानायला ठणकावून नकार देते, तेही त्या काळात! मग आज एका पोरीला "माझी पाळी चुकलीय" एवढं वाक्य आईसमोर पूर्ण म्हणू द्यायला काय हरकत आहे?

मला तो सीन कसा हवा तेही सांगते, कारण मी तो बघितलाय. गेल्या वर्षी एक आई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानात आली, मागं लेक. आईचे डोळे सुजलेले होते. लोहाच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या, जेवणाआधी की नंतर, एवढंच तिनं विचारलं. पैसे दिले, सुट्टे मोजून घेतले आणि लेकीला म्हणाली, "चल, उन्हाच्या आत घरी जाऊ." पोरीची सॅक आईच्या खांद्यावर होती.