समुद्राचा नकाशा शेजाऱ्यासोबत काढला म्हणून समुद्र जात नाही

रविवारी वेसाव्याला गेले तर काका ओट्यावर डोलीचं, म्हणजे समुद्रात खुंट्यांना बांधायचं जाळं शिवत बसला होता. सुई दातांत धरून त्याने फोन माझ्यापुढे केला. ‘वाच. आता समुद्रही देऊन टाकतायत.’ मेसेजचा सारांश असा: शेजारी देशांना सोबत घेऊन सागरी क्षेत्र नियोजन करणं म्हणजे आपली समुद्रसीमा मागे सरकवणं. बांगलादेशला हजारो चौरस किलोमीटर समुद्र असाच गेला, लक्षद्वीप नॉर्वेच्या ताब्यात चाललंय, आणि मच्छीमाराला यातून काडीचा फायदा नाही. काकाने तो तीन ग्रुपांवर पुढे पाठवलाय. बंदरावर त्याचा शब्द मानतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी सीमेचं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि 200 मैलांपर्यंतचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या माशांवर आणि खनिजांवर आपला हक्क तो पट्टा, हे आपल्या 1976 च्या कायद्यात आणि 1982 च्या आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्यात आहे. आपल्याच हद्दीत जहाजं कुठून जातील, मासेमारी कुठे होईल, पवनचक्क्या कुठे उभ्या राहतील, हे ठरवणं म्हणजे नियोजन. शेजाऱ्याशी बोलावं लागतं, कारण मासा, तेलाचा तवंग आणि जहाज रेषेपाशी थांबत नाहीत.

युरोपीय संघाने 2014 मध्ये यासाठी निर्देशच काढला. शेजाऱ्यांशी सहकार्य त्यात बंधनकारक आहे. आणि त्याच निर्देशाच्या दुसऱ्या कलमात स्वच्छ म्हटलंय की देशांचे सागरी हक्क आणि सीमांची आखणी यांवर याचा काहीही परिणाम होणार नाही. बाल्टिक समुद्रात डेन्मार्क आणि जर्मनीने आपापल्या हद्दीतल्या पवनचक्क्या 2020 मध्ये विजेच्या केबलने जोडल्या. कुणाचीही सीमा तसूभर हलली नाही.

बांगलादेशचा आकडा मात्र खोटा नाही, हे मान्य करावं लागतं. आंतरराष्ट्रीय लवादाच्या 7 जुलै 2014 च्या निकालात वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 त्यांच्याकडे गेले. पण तो सीमेचा खटला होता, बांगलादेशने 2009 मध्ये लवादापुढे नेलेला. नियोजनाचा तिथे संबंधच नव्हता. खरा आकडा चिकटवला की खोटं विधान खपतं, आणि मला राग त्याचाच आहे.

नॉर्वेचं दोन वाक्यांत संपतं. नॉर्वे आपला शेजारी नाही. 2019 च्या करारानुसार लक्षद्वीप आणि पुद्दुचेरीसाठी तो तांत्रिक मदत करतो, आराखड्याचं काम आपलंच पृथ्वी विज्ञान मंत्रालय बघतं.

आता ‘मच्छीमाराला काय फायदा’. हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते काकाला पटलंय. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत कुणाची बोट बाहेर जाळं टाकताना दिसली की काका कसा तळतळतो, ते सगळ्या कोळीवाड्याला माहीत आहे. बंगालच्या उपसागरात हेच दोन देशांत चालू होतं. आपल्या पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, बांगलादेशची 20 मे ते 23 जुलै. जूनच्या मध्यानंतर त्यांच्या बोटी किनाऱ्याला बांधलेल्या, आणि आपल्या बोटी समुद्रात. आमचा मासा भारतीय बोटी नेतात, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. 2025 मध्ये बांगलादेशने आपली बंदी 15 एप्रिल ते 11 जून अशी केली. आता अंड्यावरच्या माशाला दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी उसंत मिळते. यात कुणी कुणाला समुद्र दिला?

आणि बोलणं नसलं की काय होतं, तेही बघा. 2021 मध्ये एक्स-प्रेस पर्ल जहाजावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होतं. कतारच्या हमाद बंदरात आणि आपल्या गुजरातेतल्या हजिरा बंदरात तो उतरवून घेतला नाही. जहाज पुढे जाऊन कोलंबोजवळ जळलं, प्लास्टिकच्या दाण्यांनी किनारे भरले, आणि मासेमारी बंद झाली ती श्रीलंकेच्या मच्छीमारांची.

पाकिस्तानशी असं टेबल लवकर मांडलं जाणार नाही, हे काकाचं म्हणणं मलाही मान्य आहे. सर क्रीकचा, म्हणजे कच्छजवळच्या खाडीतल्या सीमेचा वाद तसाच आहे. पण त्याची झळ कुणाला बसते? गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी आपली डहाणू-पालघरची पोरं पकडली जातात. मग दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि पाकिस्तानच्या यादीतल्या भारतीयांत मच्छीमारच जास्त असतात.

काकाची भीती मला कळते. वरळीला सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या जायला खांबांमध्ये 60 मीटर ठेवले होते. कोळी भांडले तेव्हा 120 झाले. नकाशा काढताना आपल्याला विचारत नाहीत, हे दुखणं खरं आहे. काका, भांडायचं तर त्याच्यासाठी भांड. आपल्या डोलीचे खुंटे कुठे असतात, ते नकाशावर दाखवा म्हणून सांग. मी सोबत येते. आणि तो मेसेज ज्या तीन ग्रुपांवर टाकलास, तिथे हेही टाक.