पांडुरंग सांगवीकरला जामीन

कुणाला पुस्तक सुचवणं म्हणजे जामीन राहणं. मी पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकते. कर्जदार टेम्पो घेऊन मोकळा होतो, हप्ते थकतात आणि आमचा माणूस चपला झिजवतो त्या जामीनदाराच्या दारात. माझा कर्जदार म्हणजे 'कोसला' कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर. १९६३ सालापासून तो कुणाच्या हाती लागलेला नाही, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटचे लोक त्याची सगळी थकबाकी माझ्याकडून वसूल करतात.

मे महिना होता. पारा ४४ वर. अशा दुपारी आमच्याकडे माणूस एक तर झोपतो, नाहीतर शेजाऱ्याशी भांडतो. पार्किंगवरून दोन घरांत जुंपायच्या बेतात होती, म्हणून मी माझी जुनी प्रत पुढे केली. म्हटलं, हे वाचा, डोकं शांत होईल. ती प्रत मग एकेका मजल्यावरून फिरत गेली आणि डोकं कुणाचंच शांत झालं नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी ही कादंबरी पंचविशीत लिहिली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने छापली. खानदेशातल्या सांगवीचा खात्यापित्या घरचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, हॉस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, नापास होतो, नोकरी मिळत नाही, गावी परत येतो. समीक्षकांनी यावर अस्तित्ववादापासून पुढे बरंच लिहिलंय. सोलापूरकराला मात्र ही गोष्ट कादंबरी म्हणून वाचायची सोयच नाही. आमच्या प्रत्येक जिन्यावर एक पोरगा पुण्यात आहे. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये त्याला बसवून देताना आई शेंगा चटणीची बरणी पिशवीत सरळ उभी राहील अशी लावत असते आणि बाप मनातल्या मनात हॉस्टेलचं डिपॉझिट मोजत असतो. दुसरीकडचे वाचक विचारत असतील, पांडुरंगला नेमकं काय सलतंय? आमच्याकडे पहिला प्रश्न आला, "एकूण खर्च किती झाला?"

हा प्रश्न तळमजल्यावरच्या अन्नांचा. अन्नांचे पूर्व भागात यंत्रमाग आहेत, टेरी टॉवेल काढतात. घरात तेलुगू, शाळाही तेलुगू माध्यमाची, मराठी शिकले ती सुताच्या बाजारात. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी अख्खी कादंबरी वाचली. एवढ्या मन लावून ती वाचणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. पुस्तक परत द्यायला आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलच्या ऑर्डरचं पॅड होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूला आकडेमोड.

"मॅडम, पोरगं मनानं चांगलं आहे. पण मेस दोस्ताच्या हातात का दिला?"

मी म्हटलं, अन्ना, मुद्दा तो नाहीये. माणसाला जगण्याचाच अर्थ लागेनासा होतो ना, तेव्हा...

"ते असू द्या. तूट कोण भरलं?"

"पांडुरंगने."

"म्हणजे वडलांनी." त्यांनी पेन्सिलीने आकड्याखाली दोन रेघा मारल्या. "किराणा रोजच्या रोज लिहून घेतला असता तर चौथ्या दिवशी कळलं असतं. दोस्त म्हणून सही नाही करायचं, मॅडम. तुम्ही तर वसुलीत आहात."

यावर काय बोलणार? मी या कादंबरीवरचे लेख वाचलेत, एक परिसंवादही ऐकलाय. तिथे मेसचा ताळेबंद कुणी मागितला नव्हता. आणि खरं सांगायचं तर अन्नांनी मागितल्यापासून मलाही तो बघावासा वाटतोय.

तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सर पुस्तक वाचत नाहीत, तपासतात. प्रत परत आली ती समासात पेन्सिलीच्या खुणांनी भरून. 'कर्ता कुठे?' 'वाक्य अपूर्ण.' 'पुनरुक्ती.' मधला भाग रोजनिशीच्या रूपात आहे, तिथे 'नोंदी त्रोटक'. पांडुरंग आणि त्याचा मित्र आपल्याच काळाकडे भविष्यातल्या इतिहासकाराच्या थाटात बघून टिंगल करतात, तिथे नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह. शेवटच्या पानावर 'पाहिले', खाली सही आणि तारीख.

"मुलगा हुशार आहे, पण वळण नाही," सर म्हणाले. "घरचा कुणी लक्ष देत नव्हता का?"

मी सांगितलं, सर, हा मुलगा काल्पनिक आहे. लेखक वेगळे. त्यांना २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं.

सर थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नंतर अभ्यास केला असणार."

समोरच्या ब्लॉकमधले कन्नड काका वाचायच्या आधीच नाराज होते. सोलापुरात कुठल्याही साहित्यिक विषयावर ते कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांपासून सुरुवात करतात, आणि त्यांचाही दोष नाही. बेंद्रे इथे दयानंद कॉलेजात १९४४ ते ५६ कन्नड शिकवत होते. 'कोसला' कन्नडमध्येही गेलीय असं मी सांगितल्यावर काका जरा निवळले. कन्नडमधून मिळाली तर बघू, म्हणाले. मिळाली की नाही, मी विचारलं नाही. एका प्रतीची जबाबदारी पेलवेना, त्यात दुसऱ्या भाषेतली कुठे घेऊ?

खरे पंचाईतीचे असतात ते 'कोसला'ची दीक्षा घेतलेले पुरुष. आमच्या ह्यांचे एक मित्र आहेत, त्यांनी माझ्या हातात पुस्तक बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सोवळ्यात कुणी शिवल्यासारखा भाव आला. "वहिनी, तुम्ही? कोसला? नाही, वाचा, वाचा. पण बायकांना ती तशी लागत नाही, उदाहरणार्थ." यांच्या प्रत्येक वाक्यात पांडुरंगसारखं एक 'उदाहरणार्थ' आणि एक 'वगैरे' असतं. हॉस्टेलवर असताना लागलेली सवय, गुटखा सुटला पण ही सुटली नाही. सात-आठ वेळा पारायण झालंय म्हणतात. मी सहज म्हटलं, मनी जाते तो भाग मला अजून सलग वाचवत नाही. ते म्हणाले, "कोण मनी?"

मनी पांडुरंगची धाकटी बहीण, बरं का. ही कादंबरी शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केलेली आहे. त्या अर्पणपत्रिकेचा काय परिणाम झाला असेल तो असेल, पण मला आजवर भेटलेला प्रत्येक कोसलावाला स्वतःला उरलेला एक समजतो.

मनी सासूबाईंना मात्र बरोबर सापडली. दुपारी कॉटवर आडव्या होऊन, चष्मा कपाळावर ढकलून, पुस्तक नाकाजवळ धरून त्या वाचत होत्या. सुरुवातीला पांडुरंगला शिव्या चालल्या होत्या. मेल्याला बापाची किंमत नाही, घरी असता तर ज्वारी काढायला लावली असती, वगैरे. (बघा, मलाही लागलं.) मग एकदम आवाज बंद झाला. मी चहा घेऊन गेले तर पुस्तक छातीवर पालथं आणि डोळे उघडे.

"ही खरी होती का गं?"

माहीत नाही म्हटलं.

"खरीच असणार," त्या म्हणाल्या, आणि चहा निवेपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्यांच्या पाठची एक बहीण लहानपणी गेली, एवढंच मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं नाव कळलं.

त्यांनी पुढे वाचलं नाही. "उरलेलं तू वाच, आणि त्याला नोकरी लागली का तेवढं सांग." मग दिवसाआड चौकशी. भाजी निवडताना, टीव्हीवर जाहिराती लागल्या की, एकदा तर सिद्धेश्वराच्या देवळात प्रदक्षिणा घालताना: "लागली का गं?" शेवटी मी सांगून टाकलं, तो गावीच राहतोय आता. "हां, म्हणजे शेती बघतो. मग ठीक आहे," म्हणून त्यांनी पांडुरंगची फाईल बंद केली. नेमाड्यांनी तो शेवट असा केलेला नाही, पण सासूबाईंपुढे त्यांचं काय चालणार!

ऑफिसातल्या आमच्या कॅशियर मुलीने अर्ध्यावरच पुस्तक टेबलावर ठेवलं. "मॅडम, बी.कॉम.ला माझा एक विषय राहिला होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरात स्थळांचे फोटो आले. ह्याला नापास होऊन अजिंठा बघायला मिळतं? लई नशीबवान हो!" मी शैलीबद्दल काहीतरी बोलायला गेले, तर तिने नोटा मोजायला घेतल्या. तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. ही कादंबरी मला अजूनही आवडते, पण आता वाचताना काउंटरमागून कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण प्रत नणंदेच्या मुलाच्या हाती लागली. बारावी झालेली, पुण्याला ॲडमिशन ठरलेली, सुट्टीत आमच्याकडे आलेला. दोन रात्रींत त्याने पुस्तक संपवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डायनिंग टेबलावर पांडुरंग सांगवीकर येऊन बसला. दाढी वाढवण्याइतकी त्याला दाढी नव्हती, तरी वाढवली. कडक भाकरी आण म्हटलं तर म्हणे, "आणली काय, नाही आणली काय." पाणी आलंय, पिंप भर म्हटलं तर खिडकीतून बाहेर बघत, "भरून पुन्हा रिकामंच व्हायचंय की मामी." आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं. या शहरात अर्थशून्यता परवडायची तर आधी पिंप भरून ठेवावं लागतं, हे त्याला कोण सांगणार?

रविवारी नंदावे, म्हणजे पोराचे वडील, आले. चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"वहिनी, पोराला कुठलं पुस्तक दिलात?"

मी दाखवलं. त्यांनी ते उघडून नाही, उलटं करून बघितलं, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतात तसं.

"ह्यातला पोरगा शेवटी पास होतो का?"

"नाही."

"मग कशाला छापलेत?"

तेवढ्यात जिन्यात अन्ना, पाठोपाठ सर. आमच्याकडे भांडणाचा वास लिफ्टच्या आधी वर पोचतो. अर्धा तास आमच्या दारात जो परिसंवाद झाला तो कुठल्याही सभागृहात होणार नाही. सर म्हणत होते, शिस्त हवी. नंदावे म्हणत होते, शिस्त आहे, पुस्तक नको. सासूबाई आतून ओरडत होत्या, त्याला बोलू नका, त्याची बहीण गेलीय. नंदावे दचकले, त्यांची मुलगी क्लासला गेली होती. अन्ना सगळ्यांना मेसच्या तुटीकडे आणायचा प्रयत्न करत होते आणि कुणी येत नव्हतं. पोरगा सोफ्यावर बसून आमच्या सगळ्यांकडे असा बघत होता, की मला जरा भीतीच वाटली: हा मनात लिहून घेतोय.

जूनच्या शेवटी तो पुण्याला गेला. दाढी काढून गेला, आईने काढायला लावली. प्रत न विचारता बॅगेत घातलीन. सरांच्या खुणा, मधल्या एका पानावर सासूबाईंच्या चहाचा ओघळ, शेंगा चटणीच्या तेलाचा एक पिवळट गोल, सगळ्यासकट गेली. मी मनात म्हटलं, सुटले.

ऑगस्टमध्ये रात्री नऊला फोन आला. आवाज खणखणीत, जगण्यात भरपूर अर्थ सापडल्यासारखा.

"मामी, एक नंबर बातमी! हॉस्टेलची मेस ह्या वर्षी आम्ही पोरांनीच घेतली चालवायला. माझा रूममेट बघणार सगळं. लई भारी आहे तो. माझं नुसतं नाव आहे."

मी गॅस बंद केला आणि तशीच तळमजल्यावर गेले. अन्ना टॉवेलचे गठ्ठे मोजत होते. माझं ऐकून त्यांनी मोजणी अर्धवट सोडली, चष्मा लावला, ऑर्डरचं पॅड ओढलं आणि कोरी बाजू वर केली.

"लावा फोन," अन्ना म्हणाले. "आधी विचारा, तांदूळ काय भावानं घेतलं."