तारपेवाल्याला हलवा

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या केकवर वारली चित्र हवं, अशी सूनबाईंची फर्माईश. केक चॉकलेटचा, म्हणजे तपकिरी भिंत आयतीच. वर तारपानृत्य काढलं, मधोमध तारपा हे फुंकायचं वाद्य वाजवणारा आणि भोवती नाचणारे; केक वेळेत पोचवला. दार उघडलं उत्सवमूर्तींच्या मेहुण्यांनी.

त्यांनी खोक्याचं झाकण उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बुरशी आलीय का हो?"

"वारली आहे काका."

"असं होय! पण ही सगळी उपाशी दिसतात. शुभकार्याला जरा भरलेली माणसं काढावीत."

दोन त्रिकोणांची टोकं जुळवली की वारली माणूस उभा राहतो. त्यात पोट सुटायला जागा कुठून आणू?

"आणि भाऊजींचं नाव?"

"खाली, कडेला."

"मध्ये पाहिजे. हा पुंगीवाला कशाला जागा अडवून बसलाय? हलवा त्याला."

"काका, तो तारपा आहे. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत, त्याच्याभोवतीच फिरतात."

"मग भाऊजींभोवती फिरू देत."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

खऱ्या वारली चित्राला तांदळाचं पीठ, पाणी आणि टोक चावून केलेली बांबूची काडी पुरते. चॉकलेटला पाणी चालत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंबभर पडलं तरी ते आवळून रवाळ गोळा होतं. म्हणून कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधलीच चरबी, कोमट करायचं, त्यात पांढरा खायचा रंग घोटायचा. गार झालं की ब्रशवरच थिजतं, जास्त तापलं की खालच्या चॉकलेटला खड्डा पाडतं. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं आणि मे महिन्यात ठाण्यातलं माझं स्वयंपाकघर त्याच्याही वर. म्हणून नवऱ्याला हॉलमध्ये हाकलून बेडरूमच्या एसीत रंगवायचं. केक फ्रिजमधून लगेच बाहेर काढला तर त्याला घाम फुटतो, तेव्हा तोही हळूहळू माणसात आणायचा. हे सगळं मेहुण्यांना सांगणार होते, पण तेवढ्यात त्यांनी "सुकलंय का?" म्हणत एका नाचणाऱ्याच्या डोक्यावर बोट टेकवलं. डोकं बोटाला चिकटून वर आलं.

"बघा, रंग कच्चा," म्हणाले आणि डोकं चाटून टाकलं. "गोड नाहीये."

मग हिशेब. "किलोचा भाव काय?"

सांगितला.

"आणि हे वरचे?"

"चित्राचे."

"चित्राचं वजन किती?"

खरी गोम इथेच आहे. केक किलोवर विकला जातो आणि माझी रात्र काट्यावर चढत नाही. क्रीमची चार गुलाबं जास्त काढली तर लोक मुकाट पैसे देतात, कारण ती फुगलेली दिसतात. सपाट रेघेचे पैसे मागितले की लुटल्यासारखा चेहरा करतात.

"आणि या बिनडोक्याचे तरी कमी करा," मेहुणे म्हणाले.

शेवटी सूनबाई धावत आल्या, "मामा, तुम्ही आत जा" म्हणाल्या, पूर्ण पैसे दिले. वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे. तर लिफ्टपर्यंत सोडायला येत त्या हळूच म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी सरळ फोटो प्रिंटच लावा ना. स्वस्तही पडेल, आणि कसं, रेघा एकसारख्या येतात."