हरकत आणि अडवणूक

आमच्या सिव्हिक सोसायटीविषयीच्या (म्हणजे गावातल्या बांधकामांच्या प्रस्तावांवर मत मांडणाऱ्या रहिवाशांच्या मंडळाविषयीच्या) लेखावर आपण घेतलेला आक्षेप थोडक्यात असा, की इंग्लंडमध्ये तरुणांना घर मिळणे मुश्कील झालेले असताना, ज्यांच्या घरांचे हप्ते केव्हाच फिटले आहेत असे निवृत्त लोक महिन्यातून एकदा जमून नव्या घरांच्या प्रस्तावांत खुसपटे काढतात, आणि पुण्याहून आलेली मीही त्यांच्या पंक्तीला बसते. यातला एक भाग मला मान्य आहे. त्याकडे शेवटी येते.

परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. १९४७ च्या नगररचना कायद्याने तो स्थानिक कौन्सिलांकडे गेला आणि आजही तिथेच आहे. अर्ज आला की कौन्सिल शेजाऱ्यांना कळवते किंवा जागेवर सूचना लावते, आणि साधारण २१ दिवसांत कोणीही आपले म्हणणे लेखी मांडू शकतो. आमचे पत्र त्या गठ्ठ्यातले एक. ‘समोरची टेकडी दिसेनाशी होईल’ किंवा ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ ही कारणे तिथे विचारातच घेतली जात नाहीत, त्यामुळे आम्ही ती लिहीत नाही. (लिहावीशी वाटणारे सभासद आहेत, हे नाकारत नाही.)

गेल्या हिवाळ्यात आलेल्या १४ घरांच्या प्रस्तावाचे उदाहरण घ्या. समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये २१ मीटर अंतर असावे असा बऱ्याच कौन्सिलांचा संकेत आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तेव्हा दोन घरांत ते १६ भरले. रहिवाशाला कचरा ३० मीटरपेक्षा लांब न्यावा लागू नये असे बांधकाम नियमांची मार्गदर्शिका सांगते, आणि इथे टोकाच्या घरातल्या माणसाला पावसापाण्यात ४५ मीटर जावे लागणार होते. आम्ही एवढेच लिहिले. सुधारित नकाशात ती दोन घरे थोडी वळवली होती आणि कचऱ्याच्या डब्यांची जागा अलीकडे आली होती. घरे १४ च राहिली. हे आमच्या पत्रामुळे झाले असा माझा दावा नाही, कारण कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसरच्या अहवालातही तेच मुद्दे होते.

निवृत्तांविषयी आपण जे लिहिले आहे त्याची दुसरी बाजूही पाहावी. १९९० च्या नगररचना कायद्यातील कलम १०६ खाली विकासक परवडणारी घरे देण्याचा करार करतो आणि पुढे कधी कधी ‘हिशेब बसत नाही’ म्हणून त्यांची संख्या कमी करून मागतो. तो हिशेब मांडणारा व्यवहार्यता अहवाल वाचणे हे कंटाळवाणे आणि किचकट काम आहे. आमच्याकडे आयुष्यभर बांधकामाची अंदाजपत्रके केलेले एक गृहस्थ त्यातला आकडा न् आकडा तपासतात. नोकरी करणाऱ्या माणसाला ती फुरसत कुठून असणार?

पुण्याचा उल्लेख आपणच केला आहे म्हणून सांगते. तिथे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, पण शेजारच्या प्लॉटवरच्या एखाद्या इमारतीचा नकाशा मंजूर करण्याआधी शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. प्लॉटभोवती कुंपणाचे पत्रे ठोकले आणि खोदाई सुरू झाली की आम्हाला कळायचे. म्हणून इथले २१ दिवस मला मोलाचे वाटतात.

आता मान्य असलेला भाग. नव्या घरांत जे राहायला येणार असतात त्यांच्यापैकी कोणीही आमच्या सभेत नसते. सभा संध्याकाळी सातला, म्हणजे लहान मुलांना जेवू घालण्याच्या वेळी भरते, आणि पाठिंब्याची पत्रे आम्ही क्वचितच लिहितो. दोन वर्षांपूर्वी बसथांब्यासमोरच्या मोकळ्या जागेवर तीन मजली फ्लॅट्सचा प्रस्ताव आला, तेव्हा ‘गावाच्या स्वरूपाशी विसंगत’ असे आम्ही लिहिले. त्यात मोजलेले असे काहीच नव्हते. तिथे भाड्याने राहायला कोण येईल याची धास्ती त्या शब्दांआड होती, असे आज मला वाटते. पुढे तो अर्ज मागे घेतला गेला आणि ती जागा अजून रिकामी आहे. त्या पत्रावर माझीही सही आहे.