खुलासा : ते ३०० कोटी टन दरवर्षीचे नव्हेत

‘भारतातील जंगले २०३०पासून दरवर्षी ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि देशाचे सारे उत्सर्जन भरून निघेल’, हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. भारताने २०१५मध्ये पॅरिस करारासाठी जाहीर केलेले २५० ते ३०० कोटी टनांचे उद्दिष्ट म्हणजे वने व वृक्षाच्छादन वाढवून २०३०पर्यंत निर्माण करायची एकूण अतिरिक्त साठवण होय. त्यापैकी २२९ कोटी टनांची भर २००५च्या तुलनेत पडल्याचे २०२३च्या वनस्थिती अहवालात नोंदवले आहे. वार्षिक हिशेब निराळा आहे : भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २०२०मध्ये जमीन व वनक्षेत्राने सुमारे ५२ कोटी टन शोषले, तर उत्सर्जन जवळपास २९६ कोटी टन होते. (आकड्यांच्या या साधर्म्यामुळेच गैरसमज झाला असावा.) कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.